डावा कान

सरकारदरबारी विश्वजित इंगवलेचा डावा कान खांद्याला टेकत होता, आणि सरकारची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. उलट त्या कानावरच त्याचं सगळं उभं होतं. बँकेतलं खातं, गाडीचा परवाना, पाटबंधारे खात्यातली नोकरी, आणि कागदोपत्री पाहिलं तर मधुराशी झालेलं लग्नसुद्धा. आरशात तो कान चारचौघांच्या कानासारखाच दिसे. पण आरशाचं आता कोणी ऐकत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. खोटे चेहरे आणि खोटे आवाज करणारी यंत्रं इतकी स्वस्त झाली, की वारलेले काका व्हिडिओ कॉल करून ओटीपी मागू लागले. काही पुतण्यांनी तो दिलाही, कारण काकांना नाही म्हणायची घरात पद्धतच नव्हती. बोटांचे ठसे छापून मिळू लागले, बुबुळं भाड्यानं. शेवटी अशी वेळ आली, की समोर बसलेला माणूस तोच आहे हे त्याची बायकोही छातीठोकपणे सांगेना. तेव्हा मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी एक जुनी गोष्ट नव्यानं पुढे आणली.

आपल्या मेंदूत आपल्याच चेहऱ्याचा एक नकाशा असतो. तो पाहून काढलेला नसतो, स्पर्शानं काढलेला असतो. त्यात ओठ म्हणजे एकरभर जमीन आणि कपाळ म्हणजे नुसता बांध. लहानपणी जिथं पापे घेतले गेले, जिथं टाके पडले, जिथं चापट बसली, ती ती जागा नकाशात फुगून बसलेली असते. माणसाला ठार अंधारात बसवून मातीचा गोळा दिला आणि ‘स्वतःचा चेहरा कर’ म्हटलं, की बोटं आरसा विसरतात आणि हा नकाशा करतात. म्हणजे चुकतात. पण दर वेळी तेच चुकतात. वीस वर्षांनी बसवा, तीच चूक. आणि जगातल्या कुठल्याही दोन माणसांच्या चुका सारख्या निघत नाहीत. यंत्राला माणसाचा खरा चेहरा चोरता येतो. चूक चोरता येत नाही, कारण ती कुठं लिहिलेलीच नसते.

म्हणून अठराव्या वर्षी, आणि पुढे दर दहा वर्षांनी, प्रत्येकानं ओळख केंद्रात जायचं. लोक त्याला माती ऑफिस म्हणत. काळ्या खोलीत बसायचं, शाडूत हात घालायचे, चेहरा करायचा. यंत्र त्यातल्या चुका मोजतं, मागच्या चुकांशी ताडून पाहतं आणि मुखवटा पुन्हा कालवून टाकतं. आपण काय केलं ते आपल्याला बघता येत नाही. विश्वजितला कानाचं कळलं ते आतल्या कारकुनामुळे. मागच्या खेपेला तो दारातून ओरडला होता, “इंगवले, कान केलाय का सूप?”

कान कुठून आला हे विश्वजितला ठाऊक होतं. तो अण्णांनी दिलेला होता. त्याचे वडील शाळेत कवायत मास्तर, घरातही कवायतच. पाढा चुकला, चप्पल उलटी पडली, दूध सांडलं, की अण्णा डावा कान चिमटीत धरून पीळ देत आणि विचारत, “दुखतंय का?”

“नाही.”

मग आणखी अर्धा पीळ. “आता?”

“नाही.”

पोरगं कधी ‘हो’ म्हणालं नाही आणि बापानं कधी आधी सोडलं नाही. त्या कानावर दोघांनी मिळून बरीच वर्षं काम केलं होतं.

आता अण्णांना काचबिंदूनं काही दिसत नव्हतं. मांडीचं हाड मोडल्यावर त्यांना पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या ‘कृतार्थ निवास’मध्ये ठेवलं होतं, कारण विश्वजितचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बिल्डरच्या बोलण्यात. आता पाय बरा झाला होता, लिफ्टही आली होती, आणि दसऱ्याला न्यायला येतो असं विश्वजितनं कबूल केलं होतं. अडचण एकच. मध्यंतरी एका संस्थेतून एका आजोबांना त्यांचा मुलगा घेऊन गेला आणि खरा मुलगा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. तेव्हापासून ओळख चालू असलेल्या रक्ताच्या माणसालाच आत सोडायचं, असा सगळीकडे नियम होता. सुनेला एकटीला प्रवेश नव्हता. हा नियम म्हाताऱ्यांनीच मागून घेतला होता. आणि विश्वजितच्या ओळखीची दहा वर्षं दसऱ्याआधी संपत होती.

त्यानं फोन केला.

“अण्णा, मी विश्वजित.”

“आवाज बेस काढलाय,” अण्णा म्हणाले. संस्थेनं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, आवाजावर जायचं नाही. “घसा खाकरणं पण जमलंय.”

“अण्णा, खरंच मी आहे.”

“परवा दोघं तेच म्हणाले. हे बघ, तू जो कोण असशील. माझ्या पोराला निरोप दे. म्हणावं, इथली आमटी गोड असते. दसऱ्याला तो नाही आला, तर मी ती खाऊन मरेन आणि त्याचं नाव सांगून जाईन.”

“येतो अण्णा.”

“ये. आणि कान घेऊन ये. बाकी मला काही दिसत नाही.”

---

माती ऑफिसच्या भिंतीवर तीन ठिकाणी लिहिलं होतं: ‘कृपया सराव करून येऊ नये.’ ती सूचना लागली त्याच आठवड्यात शहरात क्लास निघाले.

“दहा वर्षांपूर्वी केलेलं तुला आठवतंय तरी का?” मधुरानं विचारलं.

“आठवायचं नसतंच. ते आपोआप होतं.”

“आपोआप तुला बारावीला किती पडले होते?”

मधुरानं त्याला क्लास लावला.

निगवेकर सरांचे फलक कोल्हापुरात दर चौकात होते. काळा चष्मा, गळ्यात साखळी, मागे स्वतःचेच मातीचे बारा पुतळे, आणि खाली ‘स्वतःला ओळखा! निकालाची हमी.’ गजानन निगवेकर पूर्वी गणपती करायचे. पुढे गणपती यंत्रातून छापून निघू लागले, तेव्हा त्यांनी माणसं करायला घेतली. तरुणपणी तालमीत त्यांचं नाक मोडलं होतं. नाकाच्या दांड्यावर सुपारीएवढा उंचवटा होता. काही मनासारखं झालं की ते अंगठा त्या उंचवट्यावर दाबायचे आणि म्हणायचे, “हं.”

त्यांच्या गणपतींबद्दल गल्लीत एक विनोद होता. निगवेकरांचा गणपती म्हणजे सोंड लावलेले निगवेकर. ते स्वतःही तो सांगत. “हाताला दुसरं वळणच न्हाई वो. देव केला तरी मीच हुतो.” आणि हसत. सगळे हसत. विश्वजितही हसला होता.

पहिल्या दिवशी खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीत त्यानं चेहरा केला. सरांनी दिवा लावला आणि बघतच राहिले.

“इंगवले, ह्यो कान हाय का केळीचं पान?”

“सर, तोच पाहिजे. मागच्या वेळी तसाच—”

“मागच्या येळी तुमास्नी कोण शिकवलंवतं?”

“कोणी नाही.”

“मंग?” सर म्हणाले. त्यांनी माती कापायची तार घेतली आणि मातीचा डावा कान मुळापासून उतरवला. विश्वजितच्या खऱ्या कानाला गार लागलं. पंख्याची झुळूक असेल असं त्याला वाटलं. खोलीत पंखा नव्हता. शाडू वाळतो म्हणून काढून ठेवला होता.

सरांची पद्धत साधी होती. विद्यार्थ्यानं डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवायचा, उजवा मातीत. मग सर मागं उभे राहून आपले दोन्ही हात त्याच्या दोन्ही हातांवर ठेवत. “पाटीवर श्री कसा गिरवलासा? कुणीतरी हात धरला म्हणूनच की न्हाई? तसंच ह्ये. हात सैल सोडा. मी नेतोय तिकडं चला.” अंधारात एक हात नाकावरून उतरे आणि त्याच वेळी दुसरा हात मातीच्या नाकावरून उतरे. डावीकडे गाल लागला की उजवीकडे गाल. हळूहळू कोणता आपला आणि कोणता मातीचा हे कळेनासं होई. झोप लागायच्या आधी पाय कुठं ठेवलेत ते कळत नाही, तसं. सुखाचं होतं ते. सकाळच्या बॅचमधले जाधव वकील तर म्हणाले, इतकं हलकं त्यांना लग्नानंतर प्रथमच वाटलं.

आणि चेहरा सुधारला. आठवड्याभरात कान जागेवर आला, ओठ माणसासारखे झाले, गालाला हाड आलं. दिवा लागला की समोर एक देखणा, भारदस्त गृहस्थ दिसे. बाकीच्यांच्या पाटांवरही देखणे, भारदस्त गृहस्थ असत.

“हं,” सर म्हणत.

---

सर गेले त्या दिवशी बॅचला सोळा जण होते. सकाळची वेळ, बाहेर भाजीवाली ओरडत होती, आत काळोख. सर विश्वजितच्या मागं आले. त्यांच्या हातांना नेहमीचा ओल्या शाडूचा आणि तपकिरीचा वास. दोन्ही हात त्याच्या हातांवर बसले.

“इंगवले, आज नाक पुरं करायचं,” ते म्हणाले. “घाई न्हाई.”

हात चालू लागले. भुवयांच्या मधून खाली. दांड्यावर अंगठ्यानं थोडी माती वाढवली, चेपली, पुन्हा वाढवली. डावीकडे स्वतःच्या नाकावर तसाच दाब. एकदा सरांचा श्वास मानेवर लागला, मग लागला नाही. हात चालतच होते. नाकपुडीचं वळण घेतलं, पाळी केली, अंगठा पुन्हा वर आला. इतकं सफाईनं काम कधी झालं नव्हतं. शेवटी अंगठा उंचवट्यावर दाबला गेला आणि विश्वजितच्या कानाशी कोणीतरी म्हणालं, “हं.”

“सर, बघू का आता?” त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही. जाधव वकिलांनी दिवा लावला.

सर विश्वजितच्या मागं नव्हते. ते दाराजवळच्या शाडूच्या पिंपाला टेकून खाली बसले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. डॉक्टर आले, हात लावून म्हणाले, अर्धा तास तरी झाला असेल. विश्वजितनं आपल्या हातांकडे पाहिलं. हातांच्या पाठीवर अजून वजन होतं, कोमट. ‘हं’ कोण म्हणालं, हे त्यानं कोणाला विचारलं नाही. त्याच्या मागं आवाज करण्यासारखं कोणी नव्हतं, आणि त्याचं स्वतःचं तोंड किंचित उघडं होतं.

---

“किती वेळ नाक चोळतोयस?” मधुरा म्हणाली. रविवारची दुपार होती. तो बेसिनपाशी उभा होता.

“इथं काहीतरी आलंय.”

तिनं त्याला खिडकीपाशी नेलं, चष्मा लावून पाहिलं. “काही नाही. गुळगुळीत आहे.”

“हात लाव.”

“लावला. गुळगुळीत आहे.”

“डोळे मिटून लाव.”

तिनं मिटले. “विश्वा, नाक आहे नुसतं. बरंही नाही, वाईटही नाही.”

आरशात बघितलं की त्यालाही ते पटे. डोळे मिटले की बोटाखाली सुपारी लागे. मधुरा लहान पोरांच्या शाळेत शिकवायची, तिला असले खेळ ठाऊक होते. तिनं त्याला बेसिनसमोर खुर्चीत बसवलं. “डोळे मीट. मी कुठं बोट लावते ते सांग.”

“हनुवटी.”

“बरोबर. आता?”

“गाल. उजवा.”

“आता?”

तो वाट बघत राहिला.

“सांग की.”

“लाव तर आधी.”

त्यानं डोळे उघडून बेसिनच्या आरशात पाहिलं. तिनं त्याचा डावा कान चिमटीत धरला होता, नखं रुतवून. कान लाल झाला होता. त्यानं पाहिल्यावर तो दुखू लागला. डोळे मिटल्यावर दुखायचा थांबला.

“तू उद्यापासून क्लासला जायचं नाहीस,” ती म्हणाली.

“सर वारलेत, मधुरा.”

“तरी जायचं नाहीस.”

---

माती ऑफिसात त्यानं चेहरा केला तो एका दमात, एकही चूक न करता. बाहेर येऊन बाकावर बसला. बऱ्याच वेळानं आतून शिंत्रे मॅडम आल्या. त्या केंद्राच्या अधिकारी. चेहऱ्यावरून असं वाटे, की आज सकाळपासून त्यांना हसू आणि भीती आळीपाळीनं येत होती.

“बसा, उठू नका. इंगवले, तुमची ओळख पटलीय.”

“वा!”

“तुम्ही गजानन निगवेकर आहात. गेल्या महिन्यात वारलात.”

विश्वजित ताडकन उठला.

“घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. आज सकाळपासून सहावे आहात. तुमच्या आधीचे वकील होते, त्यांनी तर यंत्राला नोटीस द्यायची भाषा केली.” मग त्यांचा आवाज खाली आला. “भिंतीवर तीन ठिकाणी लिहिलंय ना हो? कशाला क्लास लावता? मेंदू भोळा असतो. एक हात नाकावर, एक हात मातीत, आणि दोन्ही एका वेळी एकच गोष्ट सांगायला लागले, की तो म्हणतो असेल बाबा, हेच नाक आपलं. जुना नकाशा पुसतो, नवा काढतो. तुम्ही त्यांच्या हाताखाली गिरवत होतात. पण ते तुमचा चेहरा करत नव्हते. त्यांना दुसरं कुठं येत होतं काही?”

“मग आता मी कोण?”

“नियमाप्रमाणे एक वर्षानं पुन्हा बसता येतं. तोवर विश्वजित इंगवले हजर नाहीत, आणि निगवेकर हयात नाहीत.” त्यांनी थोडा विचार केला. “एक वाट आहे. निगवेकरांच्या घरच्यांनी लिहून दिलं, की हा आमचा माणूस नव्हे, तर तात्पुरतं काही करता येईल.”

---

निगवेकर काकूंच्या माजघरात सगळी बॅच जमली होती. काकूंनी चहा दिला. सोळा जण भिंतीला टेकून, डावा गुडघा उभा करून बसले होते. पहिला घोट घेऊन झाल्यावर सोळा अंगठे सोळा नाकांवर गेले. काकूंच्या हातातली किटली थांबली.

“ह्येंच्यागत करू नका रं,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी हात खाली घेतले. मग जाधव वकिलांनी समजावून सांगितलं. काय लिहून द्यायचं, कुठं सही करायची. ते कागद पुढं सरकवून थांबले.

काकू बराच वेळ एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे तुमच्यात त्ये न्हाईत, असं मी लिहून द्यायचं.”

“नुसती औपचारिकता आहे, काकू.”

“वकीलसाहेब, माणूस गेला तवा मी सही केली. दवाखान्यात एक, नगरपालिकेत एक. आता पुन्यांदा सोळा येळा करू?” त्यांनी कागद उलटा करून त्यावर किटली ठेवली. “वर्षश्राद्धापातुर ऱ्हाऊ द्या की. तुमचं काय जातंय? रोज एकेकजण चहाला येत जावा. बोलू नगा, नुसतं बसा.”

जाधव वकील काही म्हणायला गेले आणि त्यांच्या तोंडून नुसतं “हं” निघालं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. पण त्या रडत होत्या असं विश्वजितला वाटलं नाही.

---

दसऱ्याला तो आणि मधुरा रिक्षा करून ‘कृतार्थ निवास’ला गेले. फाटकावर भोपळे नावाचे पहारेकरी होते. त्यांनी यंत्रात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“पावणं, तुमी मयत दाखवतंय.”

“ते चुकून झालंय. मी अण्णा इंगवल्यांचा मुलगा. तुम्ही मला ओळखता भोपळेमामा, किती वेळा आलोय मी.”

“वळखतोय की. पण मागं एकजण तुमच्यासारखाच हितं उभा राहून मामा मला वळखत्यात म्हणालावता.” भोपळे मनानं वाईट नव्हते. त्यांनी आत जाऊन व्यवस्थापकांना विचारलं आणि परत आले. “सायेब म्हणत्यात, मास्तरांना दिसत न्हाई, तवा त्यांनी हात लावून सांगितलं तर चालंल. स्पर्शाची साक्ष धरत्यात. मास्तर हो म्हणाले, की आत्ता रिक्षात बसवून देतो. न्हाई म्हणाले, तर मात्र वर्षभर हिकडं फिरकू नका.”

अण्णा तयारच होते. नवा सदरा, डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी. तिच्यातून आपट्याची पानं डोकावत होती. काठी आपटत, जवळजवळ पावलं मोजत ते फाटकाशी आले. हाडं कवायतीतच मुरलेली. गजांच्या आत थांबले.

“कोण आहे?”

“मी, अण्णा.”

“आवाज सगळ्यांनाच येतो. कान आण.”

विश्वजितनं डोकं वाकवून डावा कान गजांमधून आत दिला. अण्णांचा हात हवेत चाचपडला, गालाला लागला, वर गेला, आणि दोन बोटांनी कान धरला. अण्णांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पाळी चाचपली, वरची घडी चाचपली, आणि मागच्या बाजूचा जुना व्रणही, जो त्यांनीच एकदा नखानं केला होता.

“हा माझा कान आहे,” ते म्हणाले.

भोपळ्यांनी फाटकाच्या कडीला हात घातला.

मग अण्णांनी पीळ दिला. सवयच ती. विश्वजितनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. काही नाही. कुठंतरी लांब, दुसऱ्याच कोणाच्या घरी, दार लोटल्यासारखं काहीतरी झालं असावं. अण्णांनी अर्धा पीळ आणखी दिला. मधुराच्या तोंडून “अहो, रक्त—” असं निघालं, म्हणजे रक्त आलं असणार.

“दुखतंय का?” अण्णांनी विचारलं.

आजवर दुखत असतानाच त्यानं ‘नाही’ म्हटलं होतं. आज खरंच दुखत नव्हतं, आणि खरं सांगायची त्याला भीती वाटली. ‘नाही’ म्हटलं तर अण्णांना कळेल, की या कानात कोणी राहत नाही.

“हो अण्णा,” तो कळवळून म्हणाला. “फार दुखतंय.”

अण्णांची बोटं उघडली.

कान गजांमधून बाहेर आला. अण्णा तसेच उभे होते, हात हवेत, जणू त्यात अजून काहीतरी धरलेलं होतं. मग त्यांनी तो हात सदऱ्याला पुसला, एकदा, दोनदा, आणि पिशवी नीट काखेत घेतली.

“भोपळे, फाटक लावून घ्या,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. परीक्षकाची आदब होती. जायला वळले, आणि काहीतरी आठवून पुन्हा थांबले. शेवटी ते मास्तर होते. चांगल्या कामाला नावाजल्याशिवाय त्यांना जाववेना.

“कान मात्र झकास जमलाय हो,” अण्णा म्हणाले. “व्रणासकट. कोणाच्या क्लासला होता?”

विश्वजित काहीतरी बोलायला गेला. मधुरानं धावत येऊन त्याचा उजवा हात धरला, पण तोवर अंगठा नाकावर पोचला होता.